साठ ग्रोसचं ‘हं’

टाचणीबाईंना हे नाव कोणी ठेवलं ते आता सांगता येणार नाही, कारण ठेवणारी नाटक मंडळीच आता उरली नाही. पण ज्याने ठेवलं त्याने डोळे उघडे ठेवून ठेवलं. एकतीस वर्षं बाईंनी एका नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळला, आणि एवढ्या काळात ओठांत टाचण्या नसलेला त्यांचा चेहरा फार थोड्या लोकांनी पाहिला. चार, पाच, कधी सात टाचण्या, डोकी बाहेर, टोकं आत. राजा असो की भिकारी, त्याला स्टुलावर उभं करायचं, भोवती गुडघ्यांवर सरकत फिरायचं आणि ओठ न हलवता बोलायचं. ओठ न हलवता माणूस बोलणार तरी काय? ‘हं.’

पण त्या एका अक्षरात बाईंची सगळी बाराखडी मावायची. वर चढणारं हं म्हणजे ‘हात उचला’. तुटक हं म्हणजे ‘पोट आत घ्या’. लांबत जाऊन खाली बसणारं हं म्हणजे ‘झालं, उतरा’. आणि एक मधलं होतं, सपाट, ना वर ना खाली. त्याचा अर्थ ‘सांगा, मी ऐकतेय’. हे हं त्यांना सर्वांत जास्त लागायचं. नट स्टुलावर चढला की का कोण जाणे, त्याला मन मोकळं करावंसं वाटतं. घरातली धुसफुस, हुकलेली भूमिका, उसनवारी, प्रेमप्रकरणं, सगळं वरून खाली सांडत राहायचं आणि खालून बाई हं, हं करत झालर टाचत राहायच्या. त्या खोलीतून बाहेर पडताना माणसाचा अंगरखाही बेतलेला असायचा आणि जीवही हलका झालेला असायचा.

नाटक कंपनी बंद पडते तेव्हा पडदा वगैरे काही पडत नाही. वीजबिलावरून दोन भागीदार भांडतात आणि दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप दिसतं. इथेही तसंच झालं. सामानाचा लिलाव झाला. मखमली झगे एका भाड्याने कपडे देणाऱ्याने नेले, आरसे एका केशकर्तनालयाने नेले. बटणांनी भरलेल्या बिस्किटांच्या अकरा डब्यांवर मात्र कोणी बोली लावली नाही. ते बाईंनी घरी आणले. घर म्हणजे भावाच्या मुलीचं. तिसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूची एक खोली बाईंची, तिला एकच खिडकी, आणि खिडकीत दुपारी दोनपर्यंत चांगला उजेड.

भाची एका मालवाहतुकीच्या कचेरीत कागदपत्रं बघायची. कुठलं खोकं कुठल्या जहाजावर चढलं आणि कुठल्या बंदरात अडलं, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. तिनेच एका रविवारी डब्यांतली बटणं पांढऱ्या कागदावर मांडून फोटो काढले आणि इंटरनेटवर दुकान उघडलं.

“आत्या, कोणी घेतलं तर घेतलं. नाहीतर डबे तुझेच आहेत.”

जुन्या कोटाचं एकच बटण हरवलेली माणसं जगात किती असतील, याचा अंदाज तोवर त्या घरात कोणालाच नव्हता. पत्रं येऊ लागली. वडिलांचा कोट, सहा बटणांपैकी पाच, सोबत फोटो. बाई फोटो खिडकीत धरायच्या, डब्यात हात घालायच्या आणि जुळणारं बटण काढायच्या. मग शिवणकाम करणारी माणसं आली, छोट्या नाटक मंडळ्या आल्या. त्यांना एक नको, दहा डझन हवीत. दीड वर्षात डबे तळाला लागले आणि बटणं कुठून आणायची, हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर येऊन बसला.

विकणारे पुष्कळ. पडद्यावर सगळ्यांचा माल चकचकीत. बाईंनी तीन ठिकाणांहून शिंपल्याच्या बटणांचे नमुने मागवले. आलेलं प्रत्येक बटण आधी गालाला लावायच्या. शिंपला गालाला थंड लागतो आणि थंडच राहतो, प्लॅस्टिक बघता बघता कोमट होतं. मग ते पुढच्या दातांवर हळूच घासायचं. शिंपला किंचित कचकचतो.

“हे काय आत्याबाई,” जावई, म्हणजे भाचीचा नवरा, म्हणायचा, “माल आवडला की खाऊनच बघता?” तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि दिवसभर अंधाऱ्या विहिरीत लोंबकळल्याची भरपाई घरी बोलून करायचा.

“जावईबापू, तुमची निवड करताना हीच चूक झाली. दाताखाली धरून बघायचं राहून गेलं.”

पहिला नमुना कोमट निघाला. दुसरा थंड होता, पण भोकांच्या कडा सुरीसारख्या. असं बटण महिन्याभरात दोरा कापतं. तिसरा आला समुद्रापलीकडच्या एका छोट्या कारखान्यातून. कारखाना म्हणजे एक म्हातारे गृहस्थ, त्यांच्या हाताखाली चार माणसं, आणि चिठ्ठीचपाटी बघायला कॉलेजात जाणारी नात. बटण थंड, कचकचीत, पाठ घासून गुळगुळीत केलेली. फक्त भोकं जरा धारदार होती. बाईंनी भाचीकडून लिहवलं की भोकांच्या कडा पुढून-मागून दोन्हीकडून घासा आणि मधली खोलगट वाटी जरा आणखी खोल करा, म्हणजे दोरा आत बसेल. नाटकात दोन प्रवेशांच्या मधे नट कपडे अक्षरशः ओरबाडतो, त्यात टिकलं पाहिजे. आजोबांनी लिहिलं की एवढ्या घासकामाला वेळ लागतो, भाव थोडा वाढेल. बाई म्हणाल्या, वाढू दे.

असा सहा वर्षांचा व्यवहार. बटणं ग्रोसवर, म्हणजे बारा डझनांच्या हिशेबाने. मापं लाईनीत: चोवीस लाईनीचं बटण सदऱ्याच्या बटणापेक्षा थोरलं, कोटाच्या बटणापेक्षा धाकटं. मागणी लेखी गेली की आजोबांकडून कच्चं बिल यायचं. तीस टक्के आगाऊ, बाकीचे माल निघाल्याचे कागद दिसल्यावर. बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचा वेगळा कक्ष होता. तिथला चष्मेवाला अधिकारी बिलावरचं नाव आणि खात्यावरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघायचा, एक टिंब कमी असलं तरी कागद परत.

दुसऱ्या वर्षी एक गोष्ट कळली, तीही नातीच्या बोलण्यात सहज आली म्हणून. पैसे जाताना मधल्या कुठल्यातरी बँका आपली चिमूट काढून घेतात, आणि आजोबांना दर वेळी वीस-पंचवीस डॉलर कमी पोचत होते. सव्वा वर्ष ते एका शब्दाने बोलले नव्हते. बाईंनी सगळ्या चिमुटींची बेरीज पुढच्या बिलात भरली, आणि तेव्हापासून अर्जावर ‘सर्व खर्च पाठवणाऱ्याकडे’ या चौकटीत खूण होऊ लागली. आजोबांनी त्या खेपेला अर्धा ग्रोस जास्त पाठवला. अशी माणसं एकमेकांना परवडत नाहीत, पण भेटली की सुटत नाहीत.

आता त्या फोनचं.

एरवी आजोबांशी बोलणं भाचीचं. त्या दिवशी ती कचेरीत होती. बाई एका मंडळीसाठी अंगरखा बेतत होत्या, पुतळ्यासमोर गुडघ्यांवर, ओठांत सहा टाचण्या. फोन वाजला, पडद्यावर आजोबा आणि बाजूला नात. फोन खुर्चीच्या पाठीला टेकवून बाईंनी हाताने नमस्कार केला आणि काम चालू ठेवलं. नात तिच्या तोडक्या इंग्रजीत सावकाश सांगत होती, बाईंना त्यांच्या तोडक्या इंग्रजीत अर्धंमुर्धं कळत होतं. यंदा शिंपला फार चांगला आलाय, जाड आहे, एका रंगाचा आहे. बाई म्हणाल्या, हं. चोवीस लाईनीचं काहीतरी. हं. नेहमीसारखी भोकं. हं. बाईंच्या मनात एवढंच, की बिचारे आपुलकीने सांगताहेत, भाची संध्याकाळी लिहील त्यांना. संध्याकाळी भाची आली तेव्हा बाई सांगायचं विसरल्या.

तीन आठवड्यांनी कच्चं बिल आलं. सोबत फोटो: लांब टेबलावर बटणांचा ढीग, मागे दोन अनोळखी बायका हातात कानस घेऊन हसत उभ्या.

भाचीने बिल दोनदा वाचलं. मग लॅपटॉप आत्याकडे वळवला.

“आत्या, साठ ग्रोस कोणी सांगितले?”

“कसले साठ?”

“चोवीस लाईनीचे. आपण वीस घेतो. यांनी साठ कापून, घासून तयार ठेवलेत. लिहिलंय, ‘फोनवर ठरल्याप्रमाणे’. तू काय बोललीस त्यांच्याशी?”

“मी? मी कुठे काय बोलले? मी ऐकत होते.”

“काहीच नाही बोललीस?”

बाईंनी आठवून बघितलं. “हं म्हणत होते,” त्या म्हणाल्या.

जावयाने पाण्याचा पेला खाली ठेवला. “साठ ग्रोसचे चोवीसशे डॉलर. वीस आपण घेणारच होतो, म्हणजे वरचे सोळाशे. आत्याबाई, तुमचं हं फारच महाग हो. मी लग्नात ‘हो’ म्हटलं, ते फुकट गेलं.”

“तू गप्प बस,” भाची म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि ते वाईट लक्षण होतं. “दुकानाच्या खात्यात अकराशे आहेत. त्यातले आठशे या वीस ग्रोसना, आणि उरलेले हूक आणि बकलांसाठी. वर्षभर मी त्या बकलवाल्याशी बोलतेय. पुढच्या महिन्यात नमुना खेप येणार होती. आत्या, हे लेखी नाही. आपल्याकडून एक ओळ गेलेली नाही. मी उद्या लिहिते की वीसच पाठवा, गैरसमज झाला. बटणंच आहेत, ते दुसऱ्या कोणाला विकतील.”

“विकतील,” बाई म्हणाल्या. “पण भोकं दोन्हीकडून घासली आहेत ना, बघ फोटोत. त्या घासण्याचे पैसे दुसरा कोण देईल त्यांना? ती खोड माझ्या एकटीचीच आहे.”

“तो त्यांचा प्रश्न.”

“तो माझ्या हंचा प्रश्न आहे.”

“अगं, पण हं म्हणजे काही हो नव्हे!”

“आपल्याकडे नव्हे. तिकडे होतं, हे मला काय ठाऊक?” बाई म्हणाल्या. “कपडेपटात मी हं म्हटलं की माणूस स्टुलावरून उतरून सरळ रंगमंचावर जायचा. आरशातसुद्धा बघायचा नाही. एकदाही कोणाला म्हटलं नाही मी, की अरे, ते हं तसलं नव्हतं.”

भाचीने लॅपटॉप मिटला आणि त्या रात्री आत्याशी ती फक्त मीठ मागण्यापुरतं बोलली. तिचंही बरोबर होतं. दुकान दोघींचं होतं, आणि हूक-बकलांशिवाय ते वाढणार नव्हतं. बाईंना हे कळत होतं म्हणूनच ते गिळवत नव्हतं. शब्द पाळायचा तर भाचीचं वर्ष जाणार, नाही पाळायचा तर सहा वर्षांचा एक चांगला माणूस जाणार, आणि त्याच्यापाठोपाठ आणखी काहीतरी, ज्याला बिलात रकाना नसतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी, खिडकीत उजेड असताना, दोघींनी मिळून फोन लावला. बाई खुर्चीवर ताठ बसल्या, हात मोकळे, ओठ मोकळे. टाचण्यांची डबी भाचीने आधीच उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली होती.

भाचीने घडलं ते नीट सांगितलं. नात ऐकत होती आणि तिचा चेहरा आखडत चालला होता. तिने एक वही उघडली. “मी चार वेळा विचारलं,” ती म्हणाली. “साठ कापू का? हं. सगळे एकाच रंगाचे? हं. भोकं नेहमीसारखी? हं. आगाऊ नेहमीसारखे तीस टक्के? हं. मी दर वेळी खूण केली आहे.” तिने वही कॅमेऱ्याला लावली. चार खुणा होत्या.

“बाळ, तू बरोबर केलंस,” बाई म्हणाल्या, आणि भाची ते इंग्रजीत सांगत गेली. “आमच्याकडे हं म्हणजे नुसतं, चालू दे, मी इथेच आहे. समोरचा बोलत असताना गप्प बसणं आमच्यात उद्धटपणा. माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून त्याच्यापुढे काही गेलं नाही.”

नातीने आजोबांना सांगितलं. आजोबांनी काहीतरी विचारलं.

“आजोबा विचारतात, मग नाही कसं म्हणता?”

“तेही हंच. पण ते नाकातून निघतं.” बाईंनी करून दाखवलं.

आजोबांनी तिकडे करून बघितलं. जमलं नाही. पुन्हा केलं. इकडे भाचीला हसू आवरेना आणि तिने तोंड वळवलं. हसणं ओसरल्यावर आजोबा हळू बोलले, आणि नातीने ते तितकंच हळू सांगितलं: “ते म्हणतात, तुम्ही वीस घ्या. चाळीसचं ते बघतील. तुमच्यावर राग नाही.” मग आजोबा आणखी काहीतरी बोलले. ते तिने सांगितलं नाही.

बाईंनी आयुष्यभर लोकांची पाठ, खांदे आणि श्वास मोजले होते. माणूस मोठ्या मनाने बोलतो तेव्हा त्याचे खांदे कसे असतात आणि खिसा मोकळा असतो तेव्हा कसे, यातला फरक त्यांना फोनवरही कळला.

“फोटोतल्या त्या दोघीजणी कोण?” त्यांनी विचारलं.

नातीने वही मिटली. “शेजारच्या. घासायला हात कमी पडत होते. आठ दिवस लावल्या होत्या.”

“त्यांची मजुरी?”

“दिली आजोबांनी.”

बाईंनी भाचीकडे बघितलं. भाचीने नुसता समोरचा कागद आत्याकडे सरकवला, पाठकोरा, आणि वर पेन ठेवलं. त्या घरात हार मानायची आणि मदत करायची ती एकच रीत होती.

“साठही माझे,” बाई म्हणाल्या. “पण एकदम नाही झेपणार. आगाऊ तीस टक्के साठांचे पाठवते, म्हणजे तुमची मजुरी आणि शिंपला सुटेल. वीस आता पाठवा, त्यांचे उरलेले पैसे कागद दिसले की. राहिलेले चाळीस तुमच्याकडे पोत्यात ठेवा, वर माझं नाव घाला. दर तीन महिन्यांनी दहा मागवेन, मागवताना त्यांचे भरेन. आणि बाळ, आता मी जे म्हणतेय ते हो आहे. वहीत लिही. माझी भाची आजच लेखी पाठवेल.”

आजोबांना ते सांगायला नातीला बराच वेळ लागला. आजोबांनी मान हलवली, आणि मग टेबलावरचं एक बटण उचलून आपल्या गालाला लावलं. ही खोड त्यांचीही होती, हे बाईंना त्या दिवशी कळलं.

फोन बंद झाल्यावर भाचीने हिशेब मांडला. आगाऊ सातशे वीस, वीस ग्रोसचे राहिलेले पाचशे साठ. खात्यात अकराशे. “एकशे ऐंशी कमी पडतात,” ती म्हणाली. “आणि दर तीन महिन्यांनी वरचे लागतील ते वेगळेच.”

“ते माझ्याकडे.”

“कुठून?”

“चौकातल्या कपडे दुरुस्तीच्या दुकानात बाई हवी आहे. पाटी लावलीय. आठवड्यातले तीन दिवस. तुझ्या बकलवाल्याला म्हणावं, पुढच्या वर्षी. आणि त्या वेळी नमुना मी बघेन, बोलशील तू.”

“दातावर घासून बघशील?”

“बकल कोणी दाताने बघतं का? उगीच काहीतरी.”

बँकेत चष्मेवाल्याने कागद उलटसुलट केले. “बिल साठ ग्रोसचं. पैसे फक्त तीस टक्के. माल येणार वीस ग्रोस. मग चाळीस कुठे आहेत?”

“पोत्यात,” बाई म्हणाल्या.

भाचीने त्यांच्या कोपराला हात लावला आणि पुढे झाली. आजोबांकडून हप्त्यांची तारीखवार यादी असलेलं नवं बिल तिने मागवूनच घेतलं होतं. चष्मेवाल्याने ते ताडलं, टिंब न् टिंब. नाव जुळत होतं. त्याने शिक्का मारला. बाहेर पायऱ्यांवर भाची म्हणाली, “यापुढे बँकेत तू बोलायचं नाहीस आणि फोनवर हं करायचं नाहीस.”

“मग मी करायचं काय?”

“बटणं जुळव. तेवढं मला येत नाही.”

सोमवारी सकाळी नऊला बाई दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. अरुंद दुकान, तीन यंत्रं, भिंतीला लटकलेल्या पँटींची रांग. मालक भाचीपेक्षाही लहान, कामात गुंतलेला आणि जरा धांदरट. त्याने बाईंना यंत्रासमोर बसवलं आणि दोरा कसा ओवायचा, पायडी केव्हा दाबायची, पँटीची खालची दुमड किती घ्यायची, हे सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. एकदा सांगितलं, मग खात्री करायला पुन्हा सांगितलं. बाईंनी दोन्ही वेळा शेवटपर्यंत ऐकून घेतलं. शिकवणाऱ्याला मधे तोडू नये, त्याने त्याचाही हात बसत असतो.

“कळलं ना, काकू?” तो म्हणाला. “या आठ पँटी बारापर्यंत हव्यात. घाई नाही केली तरी चालेल.”

बाईंनी खुर्ची पुढे ओढली, पहिली पँट उलटी केली आणि जुनी शिवण उसवायला घेतली. अकरा वाजायच्या आत आठही घडी घालून फळीवर होत्या, आणि मालक नववी घेऊन दारात उभा होता.